अमेरिकेतील प्रतिपालित मुलांचे मानवी तस्करीपासून संरक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आईवडिलांपासून न्यायालयाच्या आदेशाने दूर केलेली आणि राज्याच्या ताब्यात असलेली मुले मानवी तस्करीला विशेष बळी पडतात, असे आढळून आले आहे. अशा मुलांना तात्पुरते घर देण्याच्या व्यवस्थेस इंग्रजीत 'फॉस्टर केअर' म्हणतात. या लेखात तिच्यासाठी 'प्रतिपालन' ही संज्ञा वापरली आहे. या मुलांच्या संरक्षणासाठी इ.स. २००० नंतर अनेक संघीय कायदे करण्यात आले. त्याचबरोबर ख्रिस्ती चर्च, धर्मादाय संस्था आणि कुटुंबे या कामात मोठ्या संख्येने सहभागी झाली आहेत. या सहभागाला एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास असून त्यावर टीकाही झाली आहे. मुलाला स्थिर घर व विश्वासाचे माणूस मिळणे आणि त्या घरावर कायद्याची देखरेख असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच संरक्षण परिणामकारक ठरते, हे या इतिहासातून दिसून येते.

संज्ञा आणि व्याप्ती

प्रतिपालन आणि दत्तकविधान यांत मूलभूत फरक आहे. दत्तक घेतलेले मूल कायद्याने नव्या कुटुंबाचे होते. प्रतिपालनात मूल कुटुंबात राहते, परंतु त्याचा कायदेशीर ताबा राज्याच्या बालकल्याण विभागाकडे असतो आणि त्याच्याविषयीचे महत्त्वाचे निर्णय न्यायालय घेते. शक्य असेल तेथे मुलाला जन्मदात्या कुटुंबात परत पाठवणे हे या व्यवस्थेचे पहिले उद्दिष्ट असते. मुलाला नातेवाइकांकडे, अपरिचित प्रतिपालक कुटुंबात किंवा सामूहिक निवासगृहात ठेवले जाते. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालनाची तरतूद आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनाही मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवण्याच्या याच तत्त्वावर आधारलेली आहे.

'तस्करी' या शब्दामुळे सीमेपलीकडे चोरून नेण्याची कल्पना मनात येते. महाराष्ट्र पोलिसांच्या 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' या नावातील 'वाहतूक' हा शब्दही तसाच अर्थ सुचवतो. अमेरिकी कायद्यानुसार मात्र स्थलांतर हा या गुन्ह्याचा आवश्यक घटक नाही. १८ वर्षांखालील मुलाचा पैशाच्या किंवा अन्य मोबदल्यात लैंगिक वापर झाल्यास ती लैंगिक तस्करीच ठरते. त्यासाठी बळजबरी, फसवणूक किंवा धाकदपटशा सिद्ध करावा लागत नाही. मूल आपल्याच गावात, आपल्याच शाळेत जात असतानाही तस्करीचा बळी असू शकते. बळजबरीने किंवा फसवून करून घेतलेली मजुरी हा तस्करीचा दुसरा प्रकार होय.

३० सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेत सुमारे ३ लाख ६९ हजार मुले प्रतिपालनात होती. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले नातेवाइकांकडे राहत होती. मुलांना घरातून हलवण्याचे सर्वाधिक नोंदले जाणारे कारण मारहाण नसून दुर्लक्ष हे आहे. त्याखालोखाल पालकांचे अमली पदार्थांचे व्यसन हे कारण आढळते.

धोक्याची कारणे

प्रतिपालित मुलांना असलेला धोका प्रामुख्याने नात्यांच्या तुटण्यातून निर्माण होतो. घरातून हलवलेले मूल अनेकदा एका प्रतिपालक घरातून दुसऱ्या घरात, तेथून निवासगृहात असे फिरत राहते. प्रत्येक बदलात शाळा, मित्र, शिक्षक आणि कधीकधी भावंडेही दुरावतात. अशा मुलाची दीर्घकाळ चौकशी करणारे एकही माणूस उरत नाही. तस्कर नेमकी हीच पोकळी हेरतात. ते सुरुवातीस प्रियकर, मोठा भाऊ किंवा आश्रयदाता म्हणून वावरतात; भेटवस्तू, मोबाइल फोन, राहण्यास जागा आणि आपुलकी देतात. नंतर त्या उपकारांची परतफेड मागितली जाते. काही वेळा निवासगृहातील आधीच अडकलेल्या मुलीकडूनच इतर मुलींना ओढले जाते. समाजमाध्यमांमुळे असा संपर्क साधणे अधिक सोपे झाले आहे.

पळून जाणे हा यातील सर्वांत धोक्याचा टप्पा होय. पळालेल्या मुलाजवळ पैसा, निवारा व ओळखपत्र नसते. पोलिसांकडे गेल्यास पुन्हा नकोशा ठिकाणी पाठवले जाण्याची भीती असते. याशिवाय दरवर्षी हजारो तरुण वयोमर्यादा ओलांडल्यामुळे कायमचे कुटुंब न मिळताच व्यवस्थेबाहेर पडतात. त्यांच्यापैकी अनेकांना बेघर होण्याचा आणि त्यातून शोषणाचा धोका असतो.

आकडेवारीचा अर्थ

या विषयावरील आकडे अनेकदा चुकीच्या पद्धतीने उद्धृत केले जातात. हरवलेल्या व शोषित मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र ही १९८४ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिच्याकडे २०१६ मध्ये पळून गेलेल्या सुमारे १८,५०० मुलांची नोंद झाली. त्यांपैकी सहांपैकी एक मूल लैंगिक तस्करीचे संभाव्य बळी असल्याचे संस्थेने म्हटले. या संभाव्य बळींपैकी ८६ टक्के मुले बेपत्ता होताना समाजसेवा विभागाच्या किंवा प्रतिपालन व्यवस्थेच्या देखरेखीखाली होती.

यावरून 'तस्करीच्या ८६ टक्के बळी प्रतिपालनातून येतात' किंवा 'प्रतिपालित मुलांपैकी सहावा हिस्सा तस्करीत जातो' असे निष्कर्ष काढले जातात. हे दोन्ही निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाहीत. हे आकडे केवळ पळून गेलेल्या आणि त्या संस्थेकडे नोंद झालेल्या मुलांविषयीचे आहेत. बेपत्ता प्रतिपालित मुलाची नोंद करणे राज्यांवर कायद्याने बंधनकारक आहे, तर आपल्या घरातून पळालेल्या मुलाच्या बाबतीत या केंद्राला कळवण्याचे असे बंधन पालकांवर नाही. त्यामुळे या नोंदींत प्रतिपालित मुलांचे प्रमाण अधिक असणे स्वाभाविक आहे. तरीही पळून जाणे आणि तस्करी यांतील संबंध या आकड्यांतून स्पष्ट होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील प्रतिपालनाची सुरुवात ख्रिस्ती धर्मादाय कार्यातून झाली. चार्ल्स लोरिंग ब्रेस या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने १८५३ मध्ये न्यूयॉर्क येथे 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरील मुलांना अनाथालयात कोंडण्याऐवजी ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबांत वाढवावे, असे त्याचे मत होते. १८५४ ते १९२९ या काळात सुमारे २ लाख मुलांना पूर्वेकडील शहरांतून मध्य-पश्चिमेकडील व इतर राज्यांत आगगाडीने पाठवण्यात आले. हा उपक्रम पुढे 'अनाथांच्या आगगाड्या' या नावाने ओळखला गेला. १८६९ मध्ये कॅथलिक भगिनींनी न्यूयॉर्कमध्ये 'फाउंडलिंग' ही संस्था सुरू केली आणि कॅथलिक घरांत मुले पाठवण्यास प्रारंभ केला. कॅथलिक मुले प्रोटेस्टंट घरांत पाठवली जात असल्याची तक्रार या काळात वारंवार होत असे.

या उपक्रमातून अनेक मुलांना प्रेमळ घरे मिळाली. तथापि मुलांना गावातील सभागृहात उभे करून शेतकऱ्यांनी त्यांतून निवड करावी, अशी पद्धत रूढ होती. निवडलेल्या घराची आधी तपासणी फारशी होत नसे आणि नंतरची पाहणीही अपुरी असे. काही मुलांना घरातील मूल म्हणून नव्हे, तर फुकटचा शेतमजूर म्हणून वागवले गेले. पाठवलेल्या सर्वच मुलांना अनाथ म्हणता येत नव्हते. अनेकांचे आई किंवा वडील हयात होते, परंतु गरीब होते. सद्हेतू असूनही देखरेखीअभावी मूल शोषणाच्या वाटेवर जाऊ शकते, याचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते.

१९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये परावलंबी मुलांविषयी परिषद बोलावली. केवळ गरिबीमुळे मुलाला घरापासून तोडू नये आणि तोडावे लागलेच तर संस्थेपेक्षा कुटुंबाला प्राधान्य द्यावे, असे तत्त्व तेथे मांडले गेले. १९१२ मध्ये संघीय बालक विभागाची स्थापना झाली.

मूलनिवासी अमेरिकन समाजाचा अनुभव अधिक कटू होता. शासनाच्या व चर्चच्या निवासी शाळांत, तसेच पुढे गोऱ्या कुटुंबांत त्यांची मुले मोठ्या प्रमाणावर नेण्यात आली. १९७० च्या दशकातील पाहणीनुसार त्यांच्या मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले कुटुंबापासून दूर करण्यात आली होती. त्यावर उपाय म्हणून १९७८ मध्ये इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट संमत झाला. या कायद्याने अशा मुलांसाठी नातेवाईक व जमातीतील कुटुंबांना प्राधान्य दिले. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये हा कायदा कायम ठेवला.

कायदेशीर चौकट

तस्करीत सापडलेल्या मुलांना पूर्वी अनेक राज्यांत वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली अटक केली जाई. न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये संमत केलेल्या कायद्याने अशा मुलांना गुन्हेगार न मानता साहाय्यास पात्र मानले. पुढे इतर अनेक राज्यांनी तशाच स्वरूपाचे कायदे केले. प्रमुख संघीय कायदे पुढीलप्रमाणे आहेत.

- २००० : तस्करीच्या बळींचे संरक्षण करणारा कायदा. मानवी तस्करीची व्याख्या, शिक्षा आणि पीडितांसाठी साहाय्य यांची तरतूद.
- २००८ : प्रतिपालनात आलेल्या मुलाच्या नातेवाइकांचा शोध घेऊन त्यांना ३० दिवसांत कळवणे बंधनकारक. वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत प्रतिपालन चालू ठेवण्यास राज्यांना संघीय साहाय्य.
- २०१४ : लैंगिक तस्करी प्रतिबंध आणि कुटुंब सबलीकरण कायदा. तस्करीचा धोका असलेली मुले ओळखणे व त्यांची नोंद ठेवणे राज्यांवर बंधनकारक. मूल बेपत्ता झाल्यास २४ तासांच्या आत पोलिसांना व राष्ट्रीय केंद्राला कळवणे, तसेच ते परतल्यावर पळून जाण्याचे कारण जाणून घेणे आवश्यक.
- २०१५ : तस्करीच्या बळींना न्याय देणारा कायदा. तस्करीत सापडलेल्या मुलाला बालशोषणाचा बळी मानण्याची तरतूद.
- २०१८ : कुटुंबाला प्राधान्य देणारा कायदा. सामूहिक निवासगृहांसाठीच्या संघीय निधीवर मर्यादा. मात्र तस्करीच्या बळींसाठी विशेष सेवा देणाऱ्या निवासगृहांना अपवाद.

२०१४ च्या कायद्यातील एक तरतूद दैनंदिन जीवनाशी संबंधित आहे. पूर्वी प्रतिपालित मुलाला सहलीला जाण्यासाठी किंवा मित्राच्या घरी मुक्काम करण्यासाठीही अधिकाऱ्याची परवानगी लागत असे. आता सुजाण पालक जसा निर्णय घेईल तसा निर्णय प्रतिपालकांनी घ्यावा, असे मानक ठरवण्यात आले. मुलाचे जीवन इतर मुलांसारखे झाल्यास त्याची पळून जाण्याची ओढ कमी होते, असा त्यामागील विचार आहे.

ख्रिस्ती कुटुंबे आणि संस्था

अनाथ व विधवा यांचा सांभाळ करणे ही खरी धर्मनिष्ठा होय, अशी शिकवण बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आहे. प्रतिपालनाचे आवाहन करताना अमेरिकी चर्च तिचा आधार घेतात. चर्चमध्ये कुटुंबे एकमेकांना ओळखतात व नियमित भेटतात. त्यामुळे प्रतिपालक शोधणे आणि त्यांना मदत करणे तेथे तुलनेने सोपे जाते.

शिकागो येथील कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज क्लेमंट्स यांनी १९८० मध्ये 'वन चर्च, वन चाइल्ड' ही चळवळ सुरू केली. प्रत्येक चर्चमधील किमान एका कुटुंबाने एक मूल दत्तक घ्यावे, असे तिचे सूत्र होते. कृष्णवर्णीय मुलांना घरे मिळत नसल्याच्या पार्श्वभूमीवर ही चळवळ उभी राहिली आणि अनेक राज्यांत पसरली. क्लेमंट्स यांनी स्वतःही मुले दत्तक घेतली.

पूर्व टेक्सासमधील पॉसम ट्रॉट या लहानशा वस्तीतील बेनेट चॅपल या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट चर्चचे उदाहरण विशेष प्रसिद्ध आहे. पाद्री डब्ल्यू. सी. मार्टिन आणि त्यांच्या पत्नी डोना मार्टिन यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथील २२ कुटुंबांनी प्रतिपालन व्यवस्थेतील सत्तरहून अधिक मुले दत्तक घेतली. त्यांत ज्यांना अन्यत्र घर मिळणे कठीण समजले जात होते, अशी मुले बरीच होती. ही कुटुंबे श्रीमंत नव्हती आणि मुलांच्या पूर्वायुष्यातील आघातांमुळे त्यांना मोठ्या अडचणींना तोंड द्यावे लागले. परस्परांजवळ राहणारी कुटुंबे एकाच चर्चची असल्याने त्यांना एकमेकांचा आधार मिळाला. या घटनेवर आधारित 'साउंड ऑफ होप : द स्टोरी ऑफ पॉसम ट्रॉट' हा चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला.

मूल प्रतिपालनात जाण्याची वेळच येऊ नये, यासाठीही काही उपक्रम चालतात. शिकागो येथे सुरू झालेल्या 'सेफ फॅमिलीज फॉर चिल्ड्रन' या उपक्रमात आजारपण, बेकारी किंवा बेघरपणा अशा संकटात सापडलेले पालक स्वेच्छेने मुलाला काही काळ स्वयंसेवक कुटुंबाकडे ठेवतात. पालकांचा कायदेशीर हक्क त्यांच्याकडेच राहतो.

परदेशातून एकट्या आलेल्या मुलांसाठी १९८० मध्ये एकल निर्वासित अल्पवयीन मुलांचा संघीय कार्यक्रम सुरू झाला. आरंभी तो आग्नेय आशियातील निर्वासित मुलांसाठी होता. २००० च्या कायद्यानंतर तस्करीतून सुटका झालेल्या परदेशी मुलांनाही त्यात प्रवेश मिळू लागला. अनेक वर्षे हे काम प्रामुख्याने लूथरन आणि कॅथलिक अशा दोन राष्ट्रीय संस्थांच्या जाळ्यामार्फत चालले.

संरक्षणाची कार्यपद्धती

प्रतिपालक होऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी गुन्हेगारी नोंदींची व बालशोषण नोंदवहीची तपासणी, घराची पाहणी, मुलाखती आणि प्रशिक्षण आवश्यक असते. चर्चची शिफारस या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

प्रशिक्षणात आघात सोसलेल्या मुलाचे वर्तन समजून घेण्यावर भर असतो. अन्न लपवून ठेवणे, खोटे बोलणे, रागाचे झटके येणे, जवळीक टाळणे या गोष्टी अशा मुलांत आढळतात. त्यांकडे उद्दामपणा म्हणून न पाहता भीतीतून आलेल्या सवयी म्हणून पाहण्यास शिकवले जाते. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातील कॅरिन पर्विस आणि डेव्हिड क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विश्वासाच्या नात्यावर आधारलेली एक पद्धती विकसित केली. ती ख्रिस्ती तसेच इतर संस्थांतही वापरली जाते.

तस्करीची शंका निर्माण करणारी काही लक्षणे प्रतिपालकांना सांगितली जातात. अनाकलनीय महागड्या वस्तू, दुसरा लपवलेला फोन, वयाने बऱ्याच मोठ्या व्यक्तीशी मैत्री, वारंवार शाळा चुकवणे आणि रात्री घराबाहेर राहणे ही त्यांपैकी प्रमुख होत. एखादे लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. मात्र ते दिसल्यास बालकल्याण अधिकाऱ्याला कळवावे, असा दंडक असतो. मूल पळून गेल्यास वाट न पाहता पोलिसांना व अधिकाऱ्याला वर्णन आणि अलीकडील छायाचित्र द्यावे लागते. परतलेल्या मुलाची झडती घेतल्यासारखी विचारपूस करू नये. आधी अन्न, विश्रांती व वैद्यकीय तपासणी द्यावी आणि चौकशी प्रशिक्षित व्यक्तीवर सोपवावी, असे सांगितले जाते. मूल पुन्हा पळाले तरी घराचे दार बंद न होणे, ही या कामातील अवघड आणि निर्णायक गोष्ट मानली जाते.

प्रतिपालक थकल्यास किंवा त्यांनी परवाना सोडल्यास मुलाला पुन्हा घर बदलावे लागते. म्हणून अनेक चर्चमध्ये प्रत्यक्ष प्रतिपालन न करणारी कुटुंबे जेवण पुरवणे, कपडे व पाळणे देणे, मुलांना शाळेत ने-आण करणे आणि काही दिवस मूल सांभाळून प्रतिपालकांना विश्रांती देणे अशी कामे वाटून घेतात. वयाची मर्यादा ओलांडलेल्या तरुणांशी सणवार, नोकरी व आजारपण यांनिमित्त संबंध टिकवणे, हाही या साहाय्याचा भाग असतो.

टीका आणि वाद

धर्म आणि भेदभाव. शासकीय निधी घेणाऱ्या धार्मिक संस्थांनी समलिंगी जोडप्यांना प्रतिपालक म्हणून नाकारावे काय, हा प्रश्न वादग्रस्त ठरला. फिलाडेल्फिया शहराने या कारणावरून २०१८ मध्ये एका कॅथलिक संस्थेकडे मुले पाठवणे थांबवले. १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'फुल्टन विरुद्ध सिटी ऑफ फिलाडेल्फिया' या खटल्यात संस्थेच्या बाजूने एकमताने निकाल दिला. मात्र तो शहराच्या करारातील अपवादांच्या तरतुदीवर आधारलेला, मर्यादित स्वरूपाचा होता. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या 'बेथनी ख्रिश्चन सर्व्हिसेस' या मोठ्या इव्हँजेलिकल संस्थेने त्याच वर्षी समलिंगी जोडप्यांनाही सेवा देण्याचा निर्णय जाहीर केला. समलिंगी व पारलिंगी किशोरांचे प्रमाण प्रतिपालित व बेघर मुलांत अधिक असल्याने, त्यांना स्वीकारणारे घर न मिळाल्यास धोका वाढतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

उद्धाराची भूमिका. मुलांना 'वाचवण्याच्या' भरात कायदा व जन्मदाते पालक डावलले जातात, अशी टीका कॅथरिन जॉइस यांनी २०१३ च्या 'द चाइल्ड कॅचर्स' या पुस्तकात केली. जानेवारी २०१० मध्ये भूकंपानंतर हैती देशातून ३३ मुलांना योग्य कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेणाऱ्या दहा अमेरिकी बाप्टिस्ट स्वयंसेवकांना अटक झाली. त्यांपैकी अनेक मुलांचे पालक जिवंत असल्याचे पुढे उघड झाले.

अपुरी तपासणी. ओहायो राज्यातील मॅरियन येथे २०१४ मध्ये ग्वाटेमालातून एकट्या आलेल्या मुलांकडून अंडी उत्पादनाच्या फार्मवर सक्तीची मजुरी करून घेतल्याचे उघडकीस आले. संघीय यंत्रणेने ती मुले पुरेशी पडताळणी न करता तस्करांशी संबंधित व्यक्तींच्या स्वाधीन केली होती. सिनेटच्या उपसमितीने २०१६ मध्ये या त्रुटींवर अहवाल दिला. हे प्रकरण धार्मिक संस्थांशी संबंधित नव्हते; परंतु घराची पडताळणी वगळल्यास काय घडते, हे त्यातून दिसून आले.

गरिबी आणि कुटुंबवियोग. दुर्लक्षाच्या नावाखाली प्रत्यक्षात गरिबीमुळे मुले हलवली जातात आणि त्यांत कृष्णवर्णीय व मूलनिवासी मुलांचे प्रमाण अधिक असते, अशी टीका होते. या मतानुसार, जन्मदात्या कुटुंबाला वेळेवर मदत मिळाल्यास मूल राज्याच्या ताब्यातच येत नाही आणि त्यामुळे उद्भवणारा तस्करीचा धोकाही टळतो.

सद्यःस्थिती

प्रतिपालनातील मुलांची संख्या २०१८ मध्ये सुमारे ४ लाख ३७ हजार होती. त्यानंतर ती सातत्याने घटत गेली. निवासगृहांऐवजी नातेवाईक व कुटुंबे यांना प्राधान्य देण्याकडे धोरणाचा कल आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने निर्वासित व एकल मुलांच्या सेवांसाठीचे संघीय शासनाशी असलेले करार नूतनीकृत न करण्याचा निर्णय जाहीर केला. निधी कपातीच्या पार्श्वभूमीवर घेतलेल्या या निर्णयामुळे या क्षेत्रातील दीर्घकालीन भागीदारीचा एक टप्पा संपुष्टात आला.

हेही पहा

- दत्तकविधान
- बालकांचे हक्क
- बाल न्याय अधिनियम, २०१५
- मानवी तस्करी
- अनाथालय